नीलाबाईच्या इंजिनाची धार

अर्धी वाट सरली तरी नीलाबाईचा पाय हळू होईना. ब्रह्मपुरीहून आलेल्या बसने दोघींना फाट्यावर उतरवलं होतं आणि तिथून नदीच्या घाटापर्यंत पायीच जायचं होतं. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली. नीलाबाईच्या हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याच्या पंपाचं नवीन रबरी चाक. तिच्या मागे अंगणवाडीच्या रीताबाई, डोक्यावर पदर घेऊन, भराभर पाय उचलत होत्या. पुढे ही हकिकत लिहिली ती त्यांनीच.

"जरा हळू चला ना," रीताबाई म्हणाल्या. "बोट काही पळून नाही जात."

"बोट नाई पळत बाई. माणसं पळवतेत."

ते खरंच होतं. दिवस मावळायच्या आत बोट पैलतीरी जाऊन धड परत आली नाही, तर तिचा सुकाणूचा दांडा नीलाबाईच्या हातून जाणार होता. घाट ज्यांच्या ताब्यात त्या मच्छीमार सोसायटीचे सोमाजीभाऊ तसं चारचौघांत बोलले होते. मग बोट चालवणार त्यांचा पुतण्या प्रवीण.

बोट म्हणजे तलावाकाठच्या कुठल्याशा हॉटेलने टाकून दिलेली, तळाला ठिगळ असलेली. बायकांच्या बचत गटाने ती आणली, कारण रोवणी-कापणीच्या मजुरीला नदीपलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला जायचं तर वल्ह्याच्या लाकडी डोंग्याची वाट बघण्यात सकाळ जायची. आणली खरी, पण चालवायला कोणी पुढे होईना. तेव्हा नीलाबाई उठली. नवरा श्रावण गेल्यावर तिने कुंकू पुसलं होतं, वल्हं सोडलं नव्हतं. तेरवीच्या दिवशी, आता श्रावणचा डोंगा कोणी न्यायचा याची बोलणी दिरांनी काढली, तर ही मधूनच उठली, नदीवर गेली आणि जाळं टाकून आली. मासळी आणून त्यांच्याच पुढ्यात ठेवली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

बोटीच्या मागच्या टोकाला टांगलेल्या इंजिनाचं सगळं तिने हाताळून शिकून घेतलं. त्याचा पाय नदीत बुडालेला असतो. पायाला जाळी, जाळीतून पाणी आत शिरतं, पंप ते वर ढकलतो, आणि इंजिनाला गार करून ते मागच्या भोकातून बारीक धारेने बाहेर पडतं. धार आहे तोवर काळजी नाही. धार थांबली की इंजिन तापतं, भोंगा वाजतो आणि सगळं बंद. बायकांनी इंजिनाचं नाव नवरदेव ठेवलं होतं. बोटीत पाय टाकण्याआधी गटातली बुधरी रोज विचारायची, "मुतला का वं तुझा नवरदेव?" आणि नीलाबाई म्हणायची, "मुतला. बस आता गुमान."

दसऱ्यानंतर ती धार बारीक होत गेली. पहिल्यांदा भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं सापडलं, ते तिने तारेने कोरून काढलं. मग नळी काढून फुंकून पाहिली, नळी मोकळी होती. आणि एका सकाळी भरल्या बोटीत, नदीच्या मधोमध, भोंगा ओरडला. बोट वाहत निघाली. डोंगेवाल्यांनी दोर टाकून ओढून आणली. पंप उघडला तर रबरी चाकाच्या पाकळ्या जळून तुटलेल्या.

त्या दिवसापासून गावात बोलणं सुरू झालं. दर अवसेला बोटीची पूजा नीलाबाई स्वतःच करते. विधवेच्या हातचा शेंदूर. इंजिन तापणार नाही तर काय होणार?

ब्रह्मपुरीच्या मिस्त्रीने चाक हातात फिरवून पाहिलं होतं. "हे देतो मी नवीन. पण जुनं मेलं ते तहानेनं मेलं," तो म्हणाला होता. "पंपापर्यंत पाणीच येऊन नाही राह्यलं." वाटभर नीलाबाई तेच चघळत होती.

मोहाच्या झाडाखाली मारोती होता. त्याला हात जोडल्याशिवाय रीताबाई कधी पुढे जात नसत. त्या चपला काढून उभ्या राहिल्या. नीलाबाईही थांबली. शेंदराचे इतके थर चढले होते की देवाचे डोळे बुजले होते, नाकाच्या जागी नुसता उंचवटा.

"याचा चेहरा कुठी गेला बाई?"

"आहे ना आत. शेंदूर चढत जातो वर्षानुवर्षं. कधीतरी ते कवच आपणच गळतं, मग चेहरा मोकळा होतो."

नीलाबाईने नाकाच्या जागी अंगठा ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"डोंग्याच्या नाकाले शेंदूर लावतेत," ती म्हणाली. "बोटीच्या नाकाले तो बसत नाई. गुळगुळीत हाये, धुपून जाते."

"मग तुम्ही कुठे लावता?"

नीलाबाईने शेंदराने माखलेला अंगठा डोळ्यांसमोर धरला. काठावर बोट लावली की इंजिन वर उचलून ठेवायचं, म्हणजे त्याचा पाय बरोबर हाताच्या उंचीला येतो. काळं खरबरीत लोखंड, देवाच्या दगडासारखं. जाळीच्या फटींत शेंदूर काय छान धरायचा! दर अवसेला, तेलात कालवून, अंगठ्याने एकेक फट तिने भक्तीने भरली होती.

मारोतीपासून घाटापर्यंतची वाट तिला फार जड गेली. गाव म्हणत होतं, तुझ्या हातानं झालं. आणि झालं होतं तिच्याच हाताने. गुपचूप खरडून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? शेवाळ अडकलं होतं म्हणून सांगता आलं असतं. एका वळणावर तिने तसं ठरवलंही. पुढच्या वळणावर मोडलं.

घाटावर माणसं जमली होती. सोमाजीभाऊ दगडावर बसलेले, प्रवीण नवी टोपी घालून तयार. नीलाबाईने कोणाकडे न बघता नवीन चाक बसवलं. मग बुधरीच्या हातातला विळा मागून घेतला आणि इंजिनाच्या पायाशी बसली. विळ्याच्या टोकाने लाल खपल्या निघू लागल्या. चिखलात पडू लागल्या.

"नीला," सोमाजीभाऊ उठले. "शेंदूर खरडून राह्यली तू?"

"हो भाऊ. लावला बी म्याच होता. जाळीतच लावला. त्यानंच पाणी बंद झालं."

प्रवीण हसला. "म्हणजे लोकं म्हणत होते ते खरंच ना. तुह्याच हातानं."

"माह्याच हातानं." तिने खरडणं थांबवलं नाही. "तुह्या मायनं लावला असता तरी हेच झालं असतं. सवाष्णीच्या शेंदरातून पाणी जाते काय रे?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. प्रवीणने टोपी काढून झटकली, पुन्हा घातली.

सोमाजीभाऊ स्वतः बोटीत बसले, अगदी मागे, भोकापाशी. बुधरी आणि आणखी चार बायका चढल्या. दोरी ओढली, इंजिन खोकलं, धरलं. भोकातून आधी गढूळ पाणी थुंकल्यासारखं आलं. मग तांबूस. मग स्वच्छ, करंगळीएवढी धार.

"मुतला वं," बुधरी म्हणाली.

पैलतीर आला, वाळूला टेकून बोट वळली. सोमाजीभाऊंची नजर धारेवर, नीलाबाईची समोर काठावर. भोंगा काही वाजला नाही. ऐलतीरी उतरताना त्यांनी धारेखाली हात धरून पाहिला.

"चालव मग," ते म्हणाले. "दांडा तुह्याचपाशी राहू दे. पण पूजा आता रीताबाईच्या हातानं होऊ दे. त्या सवाष्ण हायेत. उगा तोंडं काऊन उघडू द्यायची लोकाईले?"

सगळ्यांना ते पटलं. वाद मिटत होता, बोटही राहत होती. बुधरीने बोटीतल्या फळीखालची शेंदराची डबी काढून रीताबाईंच्या हातात दिली. रीताबाईंनी ती घेतली, झाकणही उघडलं, आणि नीलाबाईकडे पाहिलं.

नीलाबाईने चिखलाचे हात नदीत धुतले, लुगड्याला पुसले आणि पुढे केले.

"डबी मले द्या बाई," ती म्हणाली. "आन् माहं लावणं होते तोवर इथी बाजूले उभ्या राहा. जाळीकडं अंगठा गेला तं सांगजा."