ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात

माझ्या प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये बोटाच्या पेराएवढ्या कुपीत चिमूटभर पांढरी भुकटी असायची. प्रथिन माणसाचं, पण बनवलेलं जिवाणूंनी. माणसाचं जनुक त्यांच्यात घालायचं, ते वाढले की प्रथिन काढून घ्यायचं. कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं की काही पेशी निमूट मरतात, काही अजिबात ऐकत नाहीत. का ऐकत नाहीत, हे शोधता शोधता माझे केस पिकले. या खटाटोपाची सुरुवात शिरपूरला, आमच्या न्हाणीमागच्या जुन्या घमेल्यात झाली, असं सांगितलं की विद्यार्थी हसायचे. हसेनात का.

सत्तरच्या दशकात मी रोज एसटीनं वाशीमला कॉलेजला जायची. आमचं जैनाचं घर, गावात किराणा दुकान. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, "जीव कापाचा असंल तर कॉलेज बंद." आणि प्रॅक्टिकलला तर बेडूकच कापायचा होता. मी सरांपुढे इतकी रडले की ते वैतागून म्हणाले, "बरं, नको कापू. बेडूकमाशाची शेपटी कशी जाते ते रोज मोजून वहीत लिही. पण मधे खंड पडला, तर बेडूक कापावा लागेल." म्हणजे वही पुरी झाली तर शिक्षण, नाहीतर मी घरी.

गावाबाहेरच्या माळ्याच्या वांग्याच्या वाफ्यांजवळ डबकं होतं. तिथून अकरा बेडूकमासे आणले, घमेल्यात सोडले आणि न्हाणीमागे लपवले. त्यांना पायही फुटले होते. रोज सकाळी मी दोरा धरून शेपटी मोजायची.

आमच्याकडे विहिरीचं पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नसे. गाळल्यावर कापडावर जे बारीक जीव राहत, ते फेकायचे नाहीत. ते बादलीत घेऊन, बादली पाण्याला टेकेपर्यंत दोर सोडून, त्याच विहिरीत परत पोचवायचे. हे काम बाबा दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

एके दिवशी मी कॉलेजातून आले तर घमेलं रिकामं, धुऊन उपडं ठेवलेलं.

"बाबा, घमेल्यातले कुठं गेले?"

"इहिरीत सोडून देल्ले," बाबा शांतपणे म्हणाले. "पानी नीट गाळत नाही तुमी बाया. येवढे मोठाले जीव घमेल्यात आले."

मला रडूच कोसळलं.

"काहून रडून राह्यली वं?"

मग सगळं सांगितलं. बेडूक, सर, वही, न्हाणीमागची लपवाछपवी. आता ओरडणार, असं वाटलं. पण बाबा उठले, आणि आठवडी बाजाराच्या दिवशीही दुकान बंद न करणाऱ्या त्या माणसानं फळ्या लावून दुकान बंद केलं. विहिरीवर बसून ते दिवस मावळेपर्यंत पाणी ओढत होते. एकेक बादली कापडातून गाळायची, कापड निरखायचं, पाणी परत सोडायचं. हाताला फोड आले. आई म्हणाली, "पोरीपायी म्हातारपनी येड लागलं." तीन बेडूकमासे सापडले. बाबांनी ते ओंजळीत आणून माझ्यापुढे धरले, तेव्हाइतका आनंद मला पुढे डिग्री घेतानाही झाला नाही.

त्यानंतर घमेल्याचा ताबा बाबांनीच घेतला. चातुर्मास चालू होता. शेपटी जाते त्या दिवसांत बेडूकमासा काही खात नाही, शेपटीवरच जगतो, हे ऐकून ते खूश झाले. "म्हंजे उपासच धरला त्यानं," म्हणाले. शेपटी आखडत आखडत बुंध्याला आली, तेव्हा त्यांनी विचारलं, "शेपूट कापली कोनं?"

"कोनीच नाही. शेपटीतल्या पेशी आपल्या आपनच मरतात. वेळ झाली की त्याइले हुकूम येते."

"हुकूम कोन देते?"

"मले नाही माहीत."

बाबांनी घमेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग तेच शिक," म्हणाले.

वही पुरी झाली. तिन्ही बेडूक आम्ही माळ्याच्या डबक्यात सोडून आलो. ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात.

पुढे पुष्कळ वर्षांनी बाबांच्याच अन्ननलिकेत गाठ निघाली. माझी कुपी त्यांच्या उपयोगाची नव्हती. ती संशोधनापुरती होती, औषध नव्हतं. तरी एका दुपारी ते म्हणाले, "तुहं काम काय हाय ते सांग." मी त्यांच्या उशाशी बसून सांगितलं. मरायचा हुकूम न ऐकणाऱ्या पेशी, माणसाचं प्रथिन, ते बनवणारे जिवाणू. त्यांना सगळं समजलं असणार, कारण त्यांनी नेमका प्रश्न विचारला.

"काम झाल्यावर त्या जिवाइले परत सोडतं ना?"

प्रथिन बाहेर काढायचं तर जिवाणूंना फोडावंच लागतं. मी ते रोज करत होते, कोटींनी.

"हो बाबा," मी म्हणाले. "त्याच पाण्यात सोडतो."

त्यांनी मान हलवली आणि माझा हात हातात घेतला.

घमेलं लपवलं होतं ते सोडलं, तर बाबांशी मी तेवढं एकदाच खोटं बोलले.