बाबांचा खांदा

माझे बाबा फास्ट बोलर होते. पन्नासचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या एका क्रिकेट क्लबने त्यांना पगारावर बोलावून घेतलं आणि ते पुणं सोडून कॉव्हेंट्रीजवळ येऊन राहिले. करार एकेका सीझनचा. सप्टेंबर आला की कमिटीची माणसं घरी चहाला यायची आणि बाबांना पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते ठरवून जायची.

उजवा खांदा तिसऱ्याच सीझनला कामातून गेला होता, पण ते फक्त घरच्यांना माहीत. आई तव्यावर फडकं गरम करून शेकायची आणि बाबा दातांत टॉवेल धरून बसायचे. दार वाजलं की फडकं, तेलाची वाटी, सगळं सोफ्याखाली. मग सहा-सात वर्षांची मी पुढे होऊन म्हणायची, "ही इज व्हेरी वेल, थँक यू." आईने हे वाक्य माझ्याकडून घोकून घेतलं होतं. कमिटीवाले खूश व्हायचे आणि बाबा आणखी एक वर्ष टिकायचे. मला त्याचा फार अभिमान होता, मूर्खासारखा.

आता बाबा नव्वदीला टेकलेत. आई गेली. मी ग्लासगोला, ते कॉव्हेंट्रीत एकटे, आणि माझ्याकडे यायचं नाव काढत नाहीत. त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, किटली उचलवत नाही. मागच्या महिन्यात दोनदा बाथरूममध्ये पडले. सकाळ-संध्याकाळ केअरर मिळावा म्हणून मी कौन्सिलला फोन करकरून वैतागले, तेव्हा कुठे तिथली एक बाई घरी येऊन मदतीची गरज आहे का ते बघून जाणार असं ठरलं. मी आदल्या दिवशीच जाऊन थडकले.

"बाबा, उद्या खरं सांगायचं. जे जे जमत नाही ते सगळं सांगायचं."

"तू टेन्शन घेऊ नकोस गं. आय विल हँडल इट."

तिथेच मला कळायला हवं होतं.

सकाळी बघते तर स्वारी क्लबचा जुना ब्लेझर घालून तयार. बटणं लागली नव्हती म्हणून वरून मफलर. बाईंनी टॅब्लेट उघडून विचारलं, कपडे स्वतः घालता? "ऑफ कोर्स." स्वयंपाक? "एव्हरी डे." हात वर जातो? बाबा उठून उभे राहिले आणि वर्षभरात छातीच्या वर न गेलेला तो हात त्यांनी सरळ कानाजवळ नेला. चेहऱ्यावर हसू, कपाळावर घाम. मग तो हात त्यांनी सहज ठेवल्यासारखा कपाटावर टेकवला.

"वंडरफुल!" बाई म्हणाल्या आणि काहीतरी टाइप केलं.

मला संताप आला. मी म्हणाले, "अ‍ॅक्च्युअली…" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आई दार उघडायला जायची तेव्हा पाहायचे, अगदी तसं. बाई माझ्याकडे वळल्या. बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, तुम्ही मुलगी ना, मग तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे, मोकळेपणाने सांगा.

साठी ओलांडलेली बाई मी. मफलर ओढून दाखवला असता तरी पुरे होतं. तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते एवढंच, "ही इज व्हेरी वेल, थँक यू."

बाई निघून गेल्या. बाबांचा हात कपाटावरून खाली येईना. मी कोपराला धरून तो हळूहळू उतरवला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि आईचा तवा शोधून फडकं गरम केलं. शेकताना मला रडू आवरत नव्हतं. बाबांनी दातांतला टॉवेल काढला.

"ठेवलं ना गं मला?"

"हो बाबा, ठेवलं."

ते समाधानाने डोळे मिटून बसले. माझी परतीची ट्रेन चारची होती.