रेंजच्या कातळावर

कर्जतला उतरले तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. सोबत पत्र्याचे दोन पंख असलेला अवजड अँटेना, आणि टेंपोवाला विचारत होता, ही डिश कुठल्या कंपनीची? मी म्हटलं, पहिल्या ताऱ्यांची. त्याने टेंपो सुरू केला.

विश्वात आधी नुसता अंधार आणि हायड्रोजन होता. मग पहिले तारे पेटले. त्यांच्या उजेडामुळे तो हायड्रोजन रेडिओलहरी शोषू लागला आणि त्या लहरींत एक बारीक खळगा पडला असावा. तोच आम्ही शोधतो. ताणत ताणत त्या लहरी आज येऊन पोचतात त्या नेमक्या एफएमच्या पट्ट्यात. काय हे नशीब!

आधी कुंभिवली गावात यंत्र उघडलं. हायवे, कारखाने, वेल्डिंग, गाणी. पट्टा खच्चून भरलेला. वैतागून डोंगरातल्या वाडीची वाट धरली. तिथे मोबाइल लागत नाही, असं टेंपोवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं.

वाडीत ज्यांच्या घरी टेकले, त्या सोमीबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. वरचा उंच, मोकळा कातळ मला पाहताक्षणी आवडला. दुपारभर उन्हात करपून मांडामांड केली आणि ऊन कलताना पट्टा स्वच्छ दिसू लागला. असा सलग तास मिळाला नाही, तर ही जागा बाद होणार होती.

तेवढ्यात माणसं हातात फोन घेऊन चढू लागली. अख्ख्या वाडीत रेंज येते ती याच कातळावर, आणि कामावरून परतल्यावर सगळे इथूनच फोन लावतात. हे मला आधी कुणीही सांगितलं नव्हतं!

मी हात जोडले. इतक्या जवळून फोन लागला की यंत्र बधिर होतं, तासभर थांबा. सगळे कातळाखाली जाऊन बसले. सोमीबाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

"ताई, माजी लेक कर्जतला दवाखान्यात हाय, बाळंतपनाला. सकाळधरनं काय कळलं नाय."

थोडा वेळ थांबा, मी म्हटलं. त्या थांबल्या, बंद फोन मुठीत आवळून. मला ते बघवेना.

"लावा," मी म्हटलं.

पडद्यावर भलीमोठी रेघ उसळली. सोमीबाई दुसरा कान हाताने झाकून ऐकत होत्या.

"पोरगी झाली. रडते हाय, आइका," म्हणत त्यांनी फोन माझ्या कानाला लावला.

तास वाया गेला, जागा बाद झाली. परतल्यावर वरिष्ठांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं, सोमीबाईंची नात. पुसून टाक, ते म्हणाले. पहिल्या ताऱ्यांपर्यंत पोचायचं तर माणसांचा प्रत्येक आवाज आधी पुसावाच लागतो. मीही पुसला, पण या वेळी जीव जळला.