भिंतीसाठी केलेला शिरा

माझी आई इथं तेलुगू मुलखात आमच्याकडे आली ती पंधरा दिवसांसाठी, न्हाणीघरात पडून पाय मुरगळला म्हणून. त्याला सात महिने झाले तरी बाईंची बॅग काही रिकामी झाली नव्हती. लुगडं बॅगेतून काढायचं, धुवायचं, घडी करून परत बॅगेत. कपाटात ठेव म्हटलं की ठरलेलं उत्तर: "लेकीच्या घरी कितीक दिवस राहावं मानसानं? लोक म्हन्तीन, बुढी जवायाच्या घरी ठाण मांडून बसली." ज्या जावयाच्या नावानं हे चाले, तो तिच्या हातच्या झुणक्यासाठी ऑफिसातून धावत येतो, पण तिला सांगणार कोण! पैनगंगेपलीकडं गावात ती एकटी राहणार, पुन्हा पडली तर शेजाऱ्यांना कळायलाच संध्याकाळ होणार, याची मला भीती वाटायची. मला भीती वाटली की राग येतो, आणि राग आला की मी भांडते. सात महिने आमचं तेच चाललं होतं.

ती झोपायची माझ्या मुलाच्या खोलीत. तो आता वरंगलला शिकतो, पण सहा वर्षांचा असताना हट्टानं लावून घेतलेला वॉलपेपर भिंतीवर तसाच होता. निळं आकाश आणि त्यात लाल-पिवळी रॉकेटं. त्या रॉकेटांखाली माझी सत्तरीची आई जपमाळ ओढत बसायची. यंदाच्या पावसाळ्यात कागद फुगला, कडेनं काळी बुरशी धरली, आई खोकायला लागली. मी म्हटलं, काढून टाकू. तर बाई आडव्या! "लेकराची खोली हाय ते. दिवाळीत येईन तं काय म्हनीन? मी चालली रविवारी. माह्यापायी कायले उठाठेव करता?"

मग मी डाव टाकला. शुक्रवारी पेंटरला बोलावलं आणि तिला म्हटलं, "मला शाळा आहे. घरात परका माणूस, तू तेवढं लक्ष ठेव." राखणीचं काम तिला कधी नाकारता येत नाही.

पेंटर साठीचा, तेलुगू बोलणारा, हिंदी जेमतेम. आईला तेलुगूतला एकच शब्द येत होता, भाजीबाजारात ऐकून ऐकून पाठ झालेला: लेदु, म्हणजे नाही. त्यानं कागदाचा कोपरा ओढला, आत बोट खुपसून पाहिलं आणि मान हलवत म्हणाला, "गोडा बागालेदु, अम्मा." आईच्या कानात शिरलं ते एवढंच: गोड, नाही. तिला वाटलं, कामाला येऊन अर्धा तास झाला, कोणी तोंड गोड केलं नाही म्हणून हा कुरकुरतोय. लेकीच्या घराची अब्रू गेली की! ती तडक स्वयंपाकघरात गेली आणि सढळ हातानं तूप सोडून शिरा केला. तो माणूस चकित झाला, पण गरम शिऱ्याला कोण नाही म्हणतं? त्यानं वाटी चाटूनपुसून खाल्ली, हात धुतले आणि भिंतीशी जाऊन परत तेच: "गोडा बागालेदु."

मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. "अवं, कसा मानूस आनला व तू? वाटीभर शिरा गिळला न् म्हन्ते, गोड नाई! साखर काय कमी घातली काय मी?"

मी स्टाफरूममध्ये पोट धरून हसले. "आई, गोडा म्हणजे भिंत! भिंत चांगली नाही म्हणतोय तो."

पलीकडं तिनं दोनदा 'गोडा, गोडा' असं घोकून पाहिलं. मग, "हात्तिच्या! भिताडाले गोडा म्हन्ते?" आणि ती जी हसत सुटली! बाबा गेल्यापासून असं हसू मी ऐकलं नव्हतं. मागून पेंटरचंही हसू ऐकू आलं; त्याला किती कळलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी घरी आले तर बाईंचं राज्य चालू होतं. पत्र्यानं खरवडताना कागदाच्या चिंध्या निघत होत्या, ते तिला पाहवलं नाही. "कापडावरचे पापड असे ओरबाडून निघते काय? मांगून पानी मारा लागते, मुरू द्या लागते!" असं म्हणून तिनं कोमट पाण्यात फडकी भिजवून कागदावर दाबायला लावली, तोवर त्याला चहा दिला आणि मग कोपरा धरून ओढायला सांगितलं. अख्खी पट्टी सुटली! आता ती खुर्चीत बसून "आस्ते, आस्ते" म्हणत होती, आणि पेंटर "सरे अम्मा, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणत एकेक रॉकेट खाली उतरवत होता.

भिंत दहा दिवस सुकवावी लागेल, हे त्यानं बोटांनी दाखवलं. आई म्हणाली, "सुकू दे ना मंग. कोनाले घाई हाय?" रविवारच्या बसचा तिला विसर पडला होता की तिनं पाडून घेतला होता, देव जाणे.

रंग कोणता लावायचा ते विचारायला मी तशीच आत शिरले. खाली चुन्याच्या खपल्यांचा खच होता, म्हणून चपला काढल्या नव्हत्या. आई गर्रकन वळून ओरडली, "माह्या खोलीत चपला घालून काऊन येऊन राह्यली व?"

माह्या खोलीत, म्हणाली ती. एरवी मी यावरूनही भांडले असते. मी मागं फिरले, दाराबाहेर चपला काढल्या आणि त्या टोचणाऱ्या खपल्यांवरून अनवाणी आत आले.