तळ्याचं पथ्य

आमच्या सासूबाईंच्या हातून उपाशी सुटणं कठीण. टपाल टाकायला आलेला माणूस, वीजमीटर बघणारा, वाट चुकलेला विक्रेता, सगळे जेवून जातात. ‘नको’ हा शब्द त्यांना ऐकू येत नाही; एरवी कान चांगले तिखट आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला बसले तेव्हा मी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर त्यांनी हातांवरच भात वाढला. तेव्हाच ओळखलं, या बाईंशी आपलं एक तर कडाक्याचं भांडण होणार, नाही तर चांगलं मेतकूट जमणार. दोन्ही झालं.

त्यांचं तळं घरामागे आहे. वीटभट्टीसाठी माती काढून सोडून दिलेला तो खड्डा. सासरे गेले तेव्हा आमचे हे शाळेत होते. बाईंनी त्या खड्ड्यात पाणी अडवलं, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणून सोडली आणि त्यांच्या जिवावर घर चालवलं. पत्र्याचं झाकण वाजवलं की मासे काठाशी गोळा व्हायचे. मग मूठ मूठ खाद्य टाकताना “काल कुठे होतास रे?” म्हणून त्या एखाद्याला रागवायच्यासुद्धा.

गेल्या उन्हाळ्यात घात झाला. हल्ली उन्हाळा लवकर येतो आणि जायचं नाव घेत नाही. रात्रीही पाणी निवत नाही. अशाच एका ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतर पहाटे सगळे मासे तोंडं उघडून वर आले. बाईंना वाटलं, भुकेजलेत. झाकण न वाजवता आलेत म्हणजे फारच भुकेजलेत! त्यांनी दोन्ही हातांनी खाद्य टाकलं. दुपारपर्यंत तळंभर मासे उलटे तरंगत होते.

मत्स्य खात्याच्या बाई येऊन बघून गेल्या. ती भूक नव्हती, त्या म्हणाल्या, मासे हवेसाठी वर आले होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. खाल्लेलं पचवायला माशांना तो जास्त लागतो, आणि न खाल्लेलं खाद्य कुजून उरलासुरलाही संपवतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना जेवू घातलं, आणि मग कितीतरी दिवस स्वतः धड जेवल्या नाहीत.

आमच्या ह्यांना ते बघवेना. शहरातलं बिऱ्हाड गुंडाळून आम्ही आईंकडे राहायला आलो, पण एका अटीवर. पुढचा एक उन्हाळा बघायचा. पुन्हा मासे मेले, तर तळं बुजवायचं आणि आईंनी आमच्याबरोबर शहरात यायचं. ह्यांनी ट्रॅक्टरवाल्याशी मातीचं बोलूनही ठेवलं. “चालेल,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचं ते ‘चालेल’ मला अजिबात आवडलं नाही.

मग कंबर कसली. खात्याच्या बाईंनी सांगितलं तशी तळ्याची एक बाजू खोल खणली, तळाशी गार पाणी राहावं म्हणून. बोटुकली निम्मीच सोडली. मावळतीच्या काठावर मांडव घालून भोपळ्याचे वेल चढवले, त्यांची सावली पाण्यावर पडू लागली. पाणी घुसळणारं विजेचं चाक बसवलं. राहता राहिला सासूबाईंचा हात. ऊन वाढलं की खाद्य कमी, आणि ढगाळ दिवशी अजिबात बंद, असं तळ्याचं पथ्य ठरलं. खाद्याच्या पिंपाला कुलूप लागलं आणि चावी माझ्या कमरेला आली, कारण सासूबाईंना तोंडावर ‘नाही’ म्हणणारी घरात मी एकटीच.

“मूठभर तरी दे गं.”

“चिमूटभरही नाही.”

“दगड आहेस नुसती!”

“आहेच.”

हे कौतुक रोजचं होऊन बसलं.

उन्हाळा सरत आला आणि नेमका तसाच दिवस उगवला. आभाळ गच्च, पान हलेना. संध्याकाळी वीज गेली ती परत आलीच नाही. पहाटे उठून बघते तो चाक थांबलेलं, आणि पाण्यावर तोंडंच तोंडं, उघडमीट करणारी.

सगळं ठाऊक होतं मला, मीच तर पहारेकरीण! तरीही मी पिंपापाशी गेले, कुलूप काढलं आणि मूठ भरलीसुद्धा. निदान थोडं टाकू, एवढंच मनात होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी माझं मनगट घट्ट पकडलं.

“सोड ती मूठ,” सासूबाई म्हणाल्या. “भूक नाही ती. त्याला उठव, आणि बादल्या, पराती, मिळेल ते आण.”

तिघंही पाण्यात उतरलो. पाणी उंच उचलायचं आणि दाणकन आपटायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. आमचे हे छातीभर पाण्यात परात बडवत होते, तेही ऑफिसच्या पँटमध्ये, कारण अंधारात हाताला तीच लागली. सासूबाई माशांना दटावत होत्या, “जा रे खाली, काही मिळायचं नाही आज!” मला हसू आवरेना आणि रडूही. हात भरून आले तरी कुणी थांबेना. शेवटी ऊन वर आलं, वारा सुटला, आणि एकेक तोंड मिटून खाली गेलं. काठाशी थोडे मासे मेले होते. बाकी तळं जिवंत होतं.

ह्यांनी पाण्यातूनच काठावरचा फोन ओढला आणि ओल्या हातांनीच ट्रॅक्टरवाल्याला लावला. “माती नको. नाही हो, नंतरही नको.”

सासूबाई आणि मी काठावर चिखलातच बसलो. मी ओशाळून विचारलं, “आई, मी खाद्य टाकणार हे तुम्हाला कसं कळलं?”

“तुझं तोंड बघितलं ना. गेल्या वर्षी माझंही तसंच झालं असणार.” त्यांनी बाहीतलं पाणी पिळलं. “तेव्हा हात धरायला घरात कुणी नव्हतं, इतकंच.”

आमचे हे फोन हातात धरून पाण्यातच उभे राहिले. मी सरकून सासूबाईंना चिकटून बसले.