सहा लाद्या

कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता आणि माझे दोन्ही हात ग्रीसने बरबटले होते, तेव्हा तात्या दारात येऊन उभे राहिले. नव्वदच्या दशकातला मे महिना. कराडच्या एका बर्फ कारखान्यात मी ऑपरेटर होतो. तात्यांना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पांढरा सदरा, पायात चप्पल नाही.

“सायेब, बर्फ पायजे. आमची मंडळी सकाळी गेली,” ते म्हणाले. “पोरगा मिलट्रीत हाय, जम्मूकडं. परवा सकाळच्या गाडीनं यील. एकुलता हाय वो. आईचं त्वांड तरी दिसू दे त्याला.”

मालक आतून ऐकत होते. म्हणाले, “बाकीच्या ऑर्डरी राहू देत. आधी यांचा टेंपो भर.”

तो सोमवार होता. मंगळवारी आमच्या भागातली वीज बंद असायची, म्हणजे बर्फ तयार होणार नव्हता. सोमवारचा बर्फ बुधवारपर्यंत पुरवायचा होता. मी हिशेब केला आणि सहा लाद्या दिल्या. तीन देहाच्या भोवती लावायच्या, तीन गोठ्यात लाकडाच्या भुशात पुरून ठेवायच्या. भुसा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तसा ठेवला तर बर्फ सहज टिकला असता.

टेंपो भरेपर्यंत तात्या टाकीजवळच्या मिठाच्या पोत्यांकडे बघत होते. “हितं बी मीठ लागतंय व्हय?”

लागतं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं, खारं पाणी त्याच्या बरंच खालीही पाणीच राहतं. म्हणून टाकीत मिठाचं पाणी भरून ते शून्याखाली नेतात आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे सोडतात. डब्यातलं गोठतं, टाकीतलं नाही. त्या डब्यातून निघते ती लादी. एवढं समजावून सांगायला तेव्हा मला वेळ नव्हता. मी नुसती मान हलवली.

“आमी लग्नात पॉटाचं आइस्क्रीम करतो, तवा बर्फात मीठ टाकतो,” तात्या म्हणाले. “मिठानं बर्फ जास्त गार हुतोय न्हवं?”

“होय, गार होतो,” मी म्हणालो आणि पट्ट्याकडे वळलो.

मंगळवारी दुपारी त्यांचा पुतण्या मोटारसायकलवर आला. बर्फ संपला होता. माझा विश्वास बसेना. साठ्यात एकही लादी नव्हती, पण मला राहवेना. त्याच्याच मागे बसून मी पलूसजवळच्या त्यांच्या गावात गेलो.

अंगणातून पाण्याचा ओहोळ रस्त्यापर्यंत आला होता. गोठ्यातला भुसा नुसता ओला होता, आत काही नव्हतं. मी त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट. भिंतीशी मिठाची रिकामी पोती नीट घडी करून ठेवली होती.

बर्फ वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, म्हणून गारवा मिळतो. पण त्यात तो स्वतः संपतो. मीठ लागलं की तो शून्याखालीही वितळायला लागतो. जास्त गार करतो आणि लवकर संपतो. आइस्क्रीमला ते चालतं, काम तासाभराचं असतं. इथे दोन दिवस काढायचे होते.

तात्या म्हणाले, “सहा लाद्या कमीच पडल्या गड्या.” ऊन मी म्हणत होतं. घरातल्या जाणत्या बायकांनी आता थांबता येणार नाही, असं सांगितलं. अंगणात बुद्धवंदना झाली आणि संध्याकाळी पुतण्याने अग्नी दिला. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेवर पोचला. गाडी एक मिनिटसुद्धा लेट नव्हती.

शनिवारी तो कारखान्यात आला. भांडायला आला असेल असं वाटलं. उभ्यानेच म्हणाला, “सायेब, आमी तिकडं रस्त्यावरचा बर्फ काढायला मीठच टाकतो. घरात पोती बघितली तवाच समजलं मला.”

“मला विचारलं होतं त्यांनी. मी होय म्हटलं होतं,” मी सांगितलं.

तो टाकीकडे बघत म्हणाला, “तात्यास्नी कवा सांगू नका. त्यांना वाटतंय बर्फच कमी पडला. तसंच ऱ्हाऊ दे.” एवढं बोलून तो स्टेशनकडे गेला.

दोन वर्षांनी तात्या पुन्हा आले. त्यांच्या आळीतली एक बाई वारली होती, तिची मुलगी सुरतेहून यायची होती. “ह्या खेपंला आठ द्या,” ते म्हणाले. खांद्यावर मिठाचं पोतं होतं.

मी पोतं उतरवून घेतलं. “तात्या, मीठ नको. आता पाण्यात वेगळं औषध घालतो आम्ही. ह्या बर्फाला मीठ चालत नाही.”

“व्हय? तवाचा बर्फ निराळा हुता तर,” तात्या म्हणाले आणि टेंपोत जाऊन बसले. मुलीला आई बघायला मिळाली.

बर्फ निराळा नव्हता. तेच पाणी, तेच डबे. एवढ्या नोकरीत गिऱ्हाइकाशी मी हे एकच खोटं बोललो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते आधी खरं बोललो होतो त्याचं.