ढेरपोट्या अक्षरांची पाटी

हातखंब्याच्या रस्त्याला लागलात की 'घरगुती जेवण', 'अस्सल मालवणी थाळी' अशा ज्या पाट्या दिसतात, त्यांतल्या निम्म्या माझ्या. म्हणजे हॉटेलं नव्हेत, अक्षरं. रत्नागिरीत माझं फ्लेक्सचं दुकान आहे आणि कॉम्प्युटरवर एक जुन्या वळणाचा फॉन्ट आहे. ढेरपोटी अक्षरं, आढ्यासारखी जाड शिरोरेघ, वेलांटीला पीळ दिलेल्या मिशीचा तोरा, मागे लाल सावली. जुन्या सिनेमाच्या पोस्टरवरून उतरल्यासारखा. कालच उघडलेली खानावळसुद्धा त्यात तीन पिढ्यांची वाटते. आंब्याची पेटी म्हणू नका, कोकम सरबताची बाटली म्हणू नका, मी सगळीकडे तोच ठोकला. पण हे अक्षर बेटं गप्प बसत नाही. 'या, बसा, जेवा' एवढंच त्याला बोलता येतं.

वडील गेले. आमच्याकडे गावच्या फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतात, खाली उत्तरकार्याचा दिवस आणि घराकडे बाण घालून. तो दुसऱ्या कोणाकडून कशाला करून घ्यायचा? मी एका खानावळीची तयार फाईल उघडली, सुरमईच्या जागी वडिलांचा हसरा फोटो बसवला, मजकूर बदलला आणि छापायला सोडली. फॉन्ट बदलायचं मनातही आलं नाही. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, एवढंच कारण.

तेराव्याला अंगणात मांडव, पंगत बसलेली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. फाट्यावरून एक गाडी वळली ती थेट दारात. पुण्याकडचं कुटुंब उतरलं. "बोर्ड पाहूनच वळलो," बाई हसत म्हणाल्या, "फिश थाळी मिळेल ना?"

पंगतीतले हात थांबले. चुलत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मला आईकडे बघवेना. नवऱ्याच्या तेराव्याला तिच्या दाराची मी खानावळ करून ठेवली होती.

आई मात्र पुढे झाली. "बसव त्यांना. तेराव्याला दारात आलेला मानूस उपाशी धाडू नये."

एवढ्यात बाईंचं लक्ष हार घातलेल्या फोटोकडे गेलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या. "माफ करा हो, गाडीतून नीट वाचलंच नाही. अक्षरं बघून आम्हाला वाटलं... कोणी केलाय तो बोर्ड?"

"रत्नागिरीतल्या कोणीतरी," मी म्हणालो.

"कोनीतरी कसा?" आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. "ह्यानंच केलान. ह्यांचा नाव येवढ्या मोट्या अक्षरांत जन्मात कोनी लिवलान नव्हता. बापासाठी मन लावून केलान हो माज्या पोरानं."

पाठीवरचा तो हात मला सोसवेना, आणि काढ म्हणायचीही सोय नव्हती.